जुना स्टीम डेक (हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर, एलसीडी स्क्रीनचा) रोजच्या कामाला घ्यावा का?

प्रश्न: ६४ जीबीचा वापरलेला मिळतोय. प्रवासात मेल, पीडीएफ, थोडं टायपिंग. घेताना काय तपासू?

उत्तर: वजन ६६९ ग्रॅम, म्हणजे खिशात नाही, पिशवीतच. डेस्कटॉप मोडमध्ये (नेहमीच्या कॉम्प्युटरसारख्या स्क्रीनवर) इन्फो सेंटर हे ॲप उघडून बॅटरीची क्षमता बघा. मूळ ४० वॉट-तास. ३२ च्या खाली असेल तर भाव पाडूनच घ्या, कारण बॅटरी आत घट्ट चिकटवलेली असते, बदलणं कटकटीचं.

उत्तर २: टाइप-सी पोर्ट एकच. वायरचा कीबोर्ड लावून चार्जही करायचं तर पासथ्रू चार्जिंगचा हब (जास्त पोर्ट देणारं आणि चार्जिंगही पुढे जाऊ देणारं उपकरण) लागेल. ॲप्स डिस्कव्हरमधून (त्यातलं ॲप स्टोअर) फ्लॅटपॅक प्रकारचीच टाका. पॅकमनने (कमांड देऊन ॲप टाकायचं साधन) टाकलेली ॲप्स सिस्टिम अपडेटमध्ये उडतात.

प्रश्नकर्ता: ६४ जीबी पुरतील?

उत्तर २: कागदपत्रांना हो. वाढवायचं तर २२३० मापाचा (२२ × ३० मिमी) एनव्हीएमई एसएसडी (आतलं स्टोरेज) बसतो. मागचं झाकण उघडण्याआधी एसडी कार्ड नक्की काढा, नाहीतर तुटतं.