डीएसटीचा प्रोजेक्ट, पेपर अॅक्सेप्ट झालाय. ओपन अॅक्सेससाठी खरंच पैसे भरायचे का?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) डीएसटीचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा, छोटा प्रोजेक्ट होता, तीन वर्षं ओहोटीची वेळ बघून चिखलात गुडघाभर उभं राहून केलेलं काम, त्याचा पेपर सोमवारी एकदाचा अॅक्सेप्ट झाला. आनंद जेमतेम अर्धा दिवस टिकला कारण संध्याकाळी जर्नलचं मेल आलं की ओपन अॅक्सेस (म्हणजे पेपर कोणालाही फुकट वाचता येणं) हवा असेल तर २२०० डॉलर भरा. ऑफिसात विचारलं तर म्हणे प्रोजेक्टचे पैसे संपले, युसी (खर्चाचा दाखला) पण गेलं. आमचे एक सीनियर म्हणतात सरकारी पैशाचा पेपर ओपन नसेल तर पुढची ग्रँट विसरा. मग काय, जीपीएफ काढू? की रिसर्चगेटवर (ती संशोधकांची साइट) टाकला की झालं?

दापोलीचा_लायब्ररीवाला:
मॅडम, जीपीएफला हात लावू नका!! हा गैरसमज मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. डीबीटी (बायोटेक्नॉलॉजी विभाग) आणि डीएसटीची ओपन अॅक्सेसची पॉलिसी डिसेंबर २०१४ ची आहे, त्यात पैसे भरून छापा असं कुठेच नाही. दोन रस्ते दिलेत, एकतर ओपन जर्नलमध्ये छापा, नाहीतर साध्या सबस्क्रिप्शनवाल्या जर्नलमध्ये छापा आणि अॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर जपून सगळ्यांना खुले करणाऱ्या ऑनलाइन साठ्यात, ठेवा. दुसऱ्या रस्त्याला एक रुपया लागत नाही. कॉलेजची स्वतःची रिपॉझिटरी नसेल (कोकणात कितीजणांकडे आहे म्हणा) तर सायन्स सेंट्रल नावाची मध्यवर्ती सोय त्यासाठीच ठेवलेली आहे. फक्त मुदत बघा, अॅक्सेप्ट झाल्यापासून दोन आठवडे, छापून आल्यापासून नव्हे. म्हणजे तुमचं घड्याळ सोमवारपासूनच सुरू झालंय. आणि पेपरात डीएसटीचे आभार, ग्रँट नंबरासकट, आहेत ना ते आत्ताच बघून घ्या, प्रूफनंतर बदल करायचे म्हणजे नाकदुऱ्या काढाव्या लागतात.

रिसर्चगेट ही रिपॉझिटरी नाही, ती खाजगी कंपनीची साइट आहे, २०१७ मध्ये मोठ्या प्रकाशकांनी जर्मनीत तिला कोर्टात खेचलं होतं.

मालवणचो_मास्तर:
माका पण ह्योच प्रॉब्लेम इलो होतो. मी शहाणपणा करून जर्नलची छापील पीडीएफच चढवली, मग प्रकाशकाचं कडक मेल आणि मी दिवसभर गप. ती त्यांची असते. आपली म्हणजे रिव्ह्यूअरनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून आपण शेवटी पाठवलेली वर्ड फाईल, ना लोगो ना पान नंबर, दिसायला अगदी गावठी पण मजकूर तोच. माझी ती फाईल जुन्या लॅपटॉपात होती आणि तो लॅपटॉप जूनच्या पावसात खिडकीशी राहून कामातून गेला. शेवटी जर्नलच्या सबमिशन पोर्टलवर आपल्याच लॉगिनमध्ये सापडली. तुमची फाईल आजच पेनड्राइव्हवर घ्या.

वेंगुर्ल्याचा_पोस्टडॉक:
पण आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन (सरकारनेच जर्नल्सची वर्गणी भरायची योजना) आलंय ना, सगळे वाचू शकतात, मग हा खटाटोप कशाला?

दापोलीचा_लायब्ररीवाला:
सगळे नाही रे बाबा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स आहेत, पण ती सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांमधल्या लोकांसाठी. भाट्याला तिसऱ्या काढणाऱ्या बाईचा मुलगा मोबाईलवर आईच्याच खाडीवरचा पेपर उघडायला गेला तर त्याला पैसेच मागणार. शिवाय ती वाचायची सोय, पॉलिसी आहे ठेवायची. दोन्हींची सरमिसळ नको.

खाडीकाठची:
देव भलं करो तुमचं. एकच अडचण, जर्नलच्या करारात पेपर सगळ्यांना खुला करायला १२ महिने थांबा लिहिलंय.

दापोलीचा_लायब्ररीवाला:
ही खरी गोम. पॉलिसीत विज्ञानाला जास्तीत जास्त ६ महिने, १२ ची सवलत सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांना. पण थांबायचंय ते उघडायला, ठेवायला नाही. फाईल आत्ताच टाका, कुलूप नंतर उघडेल. करारावर सही झाली नसेल तर एडिटरला दोन ओळी लिहा की फंडरची अट सहा महिन्यांची आहे, तेवढं बदलून द्या. विचारल्याशिवाय कोणी देत नाही, आणि माझ्या अनुभवात अर्धेअधिक लोक विचारतच नाहीत. नाहीच म्हणाले तर ते मेल जपून ठेवा, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. आणि पुढच्या वेळी जर्नल निवडतानाच डीओएजेची (ओपन जर्नल्सची ऑनलाइन सूची) यादी बघा, लेखकाकडून पैसे न घेणारी ओपन जर्नल्स तिथे वेगळी काढता येतात. सात दिवसांत छापतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खाडीकाठची:
अपडेट: सही व्हायची होती, एडिटरला लिहिलं, दुसऱ्या दिवशी ‘सहा महिने चालेल’ असं एका ओळीत उत्तर! काल रात्री फाईल चढवायला बसले तर ऐंशी टक्क्यांवर लाइट गेली, आज सकाळी स्टाफरूममधून चढवली. नवव्या दिवशी काम झालं.

मालवणचो_मास्तर:
अभिनंदन. आता तिसऱ्यांचा सुका कधी घालतास ता सांगा.