नार्नियाची सात पुस्तकं, सात ग्रह: लपवलेले की आपणच चिकटवलेले?

चांदणेवाला
लेकीला रोज रात्री नार्निया, म्हणजे सी. एस. लुईस यांची त्या नावाच्या काल्पनिक जगाची पुस्तकं, वाचून दाखवतोय. सध्या चौथं, 'द सिल्व्हर चेअर'. त्यात अस्लान, म्हणजे त्या जगाचा सिंहरूपी देव, जिल नावाच्या मुलीकडून उंच डोंगरावर चार खुणा घोकून घेतो. वर बजावतो की इथली हवा स्वच्छ आहे, खाली उतरशील तशी दाट होईल, तेव्हा डोकं ठिकाणावर ठेव. मध्ययुगीन युरोपचं विश्व नेमकं असंच होतं. चंद्राच्या वर सगळं निर्मळ, चंद्राखाली बदल आणि भ्रम. पुढे राजपुत्र रोज रात्री तासभर 'वेडा' होतो म्हणून त्याला चांदीच्या खुर्चीत बांधतात. आपल्याकडेही चंद्र मनाचा कारक, नाही का?

मायकल वॉर्ड यांनी २००८ मध्ये 'प्लॅनेट नार्निया' या पुस्तकात हेच मांडलं. सात पुस्तकं (१९५० ते ५६), प्रत्येकावर एका ग्रहाची छाया. प्रकाशनाच्या क्रमाने: गुरू, मंगळ, रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी. लेखक सी. एस. लुईस याबद्दल कुणाकडे बोलले नाहीत. मला पटतंय. तुम्हाला?

खवचट खारूताई
पत्रिका जुळवायचीच म्हटली की छत्तीस गुण जुळतात. अदलाबदल करून बघा. पहिल्या पुस्तकात शंभर वर्षं संपत नसलेला हिवाळा आहे, शनी थंड, द्या शनीला! तिसरं, 'डॉन ट्रेडर', समुद्रावरचं, भरती-ओहोटी आली, द्या चंद्राला. आणि सिंह राशीचा स्वामी रवी, तिकडेही आणि आपल्याकडेही. मग ज्याच्या नावातच सिंह आहे ते पहिलं पुस्तक, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', गुरूचं कसं?

शिवाय लुईस यांनी स्वतः सांगितलंय की सगळं सुरू झालं एका चित्रापासून: बर्फाच्या रानात छत्री आणि पुडकी घेतलेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड. हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात होतं. १९५७ मध्ये एका मुलाला पत्रात कळवलं की पहिलं पुस्तक लिहिताना पुढची सुचलीही नव्हती. मग सात ग्रहांचा बेत कधी शिजला?

चांदणेवाला
हिवाळा शनीचा, कबूल. पण ते पुस्तक हिवाळ्याचं नाही, हिवाळा *फिटण्याचं* आहे. लुईस यांची १९३५ ची ग्रहांवरची कविता आहे. त्यात गुरूच्या वाट्याला काय येतं? सरलेला हिवाळा आणि माफ झालेला अपराध. भावंडांशी दगा करून माफी मिळालेल्या एडमंडची गोष्ट दुसरी काय आहे? भर जंगलात सांताक्लॉज घंटा वाजवत येतो, ही सरमिसळ लुईस यांचे लेखक मित्र टॉल्किन यांनाही रुचली नव्हती. पण लालभडक, दिलखुलास म्हातारा गुरूच्या दरबारात शोभतो.

सिंह सातही पुस्तकांत आहे, त्यामुळे राशीचा मुद्दा बाद. आणि 'डॉन ट्रेडर'मध्ये जहाज उगवतीकडे निघालंय, वाटेत एका तळ्यात पडेल ते सोनं होतं. याला चंद्र कसा लावणार?

मिथुनलग्न
माझ्या राशीचा स्वामी बुध, म्हणून बुधाच्या पुस्तकाची वकिली करतो. 'द हॉर्स अँड हिज बॉय'चा सगळा डोलारा हरवलेल्या जुळ्या भावावर उभा आहे. मिथुन म्हणजे जुळे, स्वामी बुध. बुध देवांचा निरोप्या, आणि त्यातला मुलगा हल्ल्याचा निरोप घेऊन पळत सुटतो. बोलणारे घोडे तर आहेतच. (बाकी सहा वाचलेली नाहीत, माफी.)

कोकणातली_मावशी
लुईस मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक, ऑक्सफर्डला आणि नंतर केंब्रिजला. नार्नियाच्या आधीच्या त्यांच्या कादंबऱ्यांत माणसं मंगळावर आणि शुक्रावर जातात. अशा माणसाच्या लिखाणात ग्रह आले तर नवल काय? आमची आजी शनिवारी तेल विकत आणू द्यायची नाही. तो काही गुप्त संकेत नव्हता, वळण होतं. वॉर्डसुद्धा मुख्यतः पुस्तकाच्या वातावरणाबद्दलच बोलतात, कुलूपकिल्लीबद्दल नाही.

खवचट खारूताई
वळण म्हणत असाल तर माझं भांडण मिटलं. पण मग 'पन्नास वर्षं न उलगडलेलं रहस्य' अशी दवंडी पिटू नका. आणि शुक्राचं पुस्तक, 'द मॅजिशियन्स नेफ्यू', तिथे तर ओढाताण सरळ दिसते. बाग, सफरचंद, मोहात पाडणारी बाई: बायबल उघडलं की सगळं हजर. शुक्राला कशाला बोलवायचं?

चांदणेवाला
शुक्राबद्दल मीही साशंक आहे. सफरचंदाने मुलाची आजारी आई बरी होते, त्या माया-ममतेत शुक्र शोधतात. मला तिथे आईच दिसते.

पण चंद्राचा हट्ट सोडणार नाही. काल वाचून झाल्यावर लेकीला काही न सांगता विचारलं, हे पुस्तक कसं वाटतंय? म्हणाली, "ओलं." मध्ययुगात चंद्र ओलाच मानत.

खवचट खारूताई
अहो, त्यातला पडलग्लम दलदलीत राहतो!