डस्टर १.५ डिझेल : टायमिंग बेल्टसोबत काय बदलायचं, काय सोडायचं?

प्रश्न – घाटरस्ता
२०१५ ची डस्टर ८५ पीएस, ९४,००० किमी. बेल्ट पहिल्यांदाच बदलायचाय. गॅरेजची यादी अशी: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कूलंट, क्रँक सील, कॅम सील, बाहेरचा बेल्ट, थर्मोस्टॅट, उजवं इंजिन माउंटिंग, ग्लो प्लग. पंपाला गळती नाही, आवाजही नाही. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा ओलावा दिसतो. यातलं खरंच गरजेचं काय?

उत्तर – पानेवाला
प्रत्येक पार्टसाठी दोनच गोष्टी बघायच्या. तो बिघडला तर बेल्टला धोका आहे का, आणि नंतर बदलायचा झाला तर हेच सगळं पुन्हा खोलावं लागेल का. दोन्हीकडे ‘नाही’ आलं की यादीतून काढा.

तुमचं इंजिन रेनोचं के९के. टायमिंग बेल्ट क्रँक (पिस्टनला जोडलेला शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) यांना एका तालात फिरवतो. बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून बेल्ट आणि त्याला ताण देणारा टेन्शनर जोडीनेच बदलायचे. या इंजिनात वेगळा आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) नाही, किटमध्ये या दोनच वस्तू येतात. आयडलरचे पैसे लावले असतील तर विचारा.

वॉटर पंप बदलाच, गळत नसला तरी. तो याच टायमिंग बेल्टवर फिरतो. आजवर सैल झालेल्या बेल्टवर चाललेल्या बेअरिंगवर आता नव्या बेल्टचा ताण येणार. बेअरिंग खेळायला लागलं की आधी सील जातं, कूलंट बेल्टवर येतं, आणि शेवटी पुली तिरकी होऊन बेल्टची कड कापते. नंतर पंप बदलायचा तर मजुरी पुन्हा तेवढीच. पंप काढला की कूलंट निघतंच, त्यामुळे नवं भरा, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचंच. जुन्यात दुसऱ्या प्रकारचं मिसळू नका.

कूलंटची वाट उघड-बंद करणारा थर्मोस्टॅट गिअरबॉक्सच्या बाजूला, हेडच्या दुसऱ्या टोकाला आहे. टायमिंगच्या कामात तिथे हातही लागत नाही. ग्लो प्लग थंड इंजिन सुरू व्हायला मदत करतो, त्याचा तर काहीच संबंध नाही. दोन्ही काढून टाका. इंजिन पेलणारं माउंटिंग मात्र बेल्टसाठी उतरवावंच लागतं, त्यामुळे हातात आल्यावर बघा. रबर फाटलेलं किंवा धातूपासून सुटलेलं असेल तरच नवं.

उत्तर – काळं तेल
तेलाच्या ओलाव्याकडे दुर्लक्ष नको. कव्हर निघाल्यावर लगेच पुसू देऊ नका, आधी वाट शोधा. क्रँकच्या पुलीमागे ओलं असेल तर क्रँक सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी). कॅमच्या पुलीमागून ओघळ खाली आला असेल तर कॅम सील. डिझेलचा वास येत असेल तर डिझेल दाबाने पुरवणाऱ्या हाय प्रेशर पंपाकडे बघा, तोही याच बेल्टवर आहे. तेल असो वा डिझेल, बेल्टचं रबर फुगतं आणि दात मुळाशी सैल होतात. गळकं सील ठेवून नवा बेल्ट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

सील कोरडं असेल तर मी छेडत नाही. काढताना शाफ्टवर बारीक चरा पडला तर नवं सीलही गळतं. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील आलं तर त्याच्या ओठाला तेल-ग्रीस लावायचं नाही, सोबतच्या प्लॅस्टिक गाइडवरूनच कोरडं सरकवायचं. गाइड फेकून हाताने दाबलं की ओठ उलटतो.

बाहेरचा बेल्ट (अल्टरनेटर, एसी फिरवणारा) यादीत ठेवा, त्याला तडे नसले तरी. तो झिजून दोरे सुटले की क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि आतला बेल्ट दात सोडतो. त्याच्यासोबत क्रँक पुलीचं रबर बघा, ते सुटलं तर पुली डुलते. पुलीचा बोल्ट नवा घ्या, तो आधी ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आणि मग आणखी काही अंश फिरवून आवळतात.

घाटरस्ता
आभार दादा. काम समोर उभं राहून करून घेणार आहे. नेमकं कुठे लक्ष ठेवू?

उत्तर – पानेवाला
इंजिन थंड हवं. क्रँकला जागेवर अडकवणारी पिन, कॅमला तशीच ८ मिमीची पिन, आणि हाय प्रेशर पंपाच्या पुलीची खूण, तिन्ही जुळल्याशिवाय जुना बेल्ट उतरवू देऊ नका. पांढऱ्या रंगाच्या खुणा मारून काम भागवणारा मेस्त्री असेल तर तिथेच थांबवा. कोणताही बोल्ट सोडताना पुली धरायला यातली कोणतीही पिन वापरायची नाही, ती वाकते आणि टायमिंग गुपचूप चुकतं. पुली धरायला वेगळं हत्यार असतं.

बेल्ट चढला, टेन्शनरवरचा ताण दाखवणारा काटा जागेवर आणला की पिना काढून इंजिन पान्याने, चालत्या दिशेनेच, पूर्ण दोन फेरे फिरवायचं. पिना पुन्हा घालून काटा परत बघायचा. पहिल्यांदा बरोबर असलेला काटा इथे बहुतेक वेळा हललेला असतो. तो पुन्हा टेन्शनरवरच्या खिडकीच्या (खाचेच्या) मधोमध आणून टेन्शनरचा नट टॉर्क पान्याने आवळायचा. सगळ्यात जास्त हीच पायरी गाळली जाते. पिन सहज बसत नसेल तर ठोकायची नाही, दात चुकलाय असं समजून बेल्ट परत उतरवायचा.

उत्तर – काळं तेल
दुसरं कोणी वाचत असेल तर: इनोव्हाच्या २.५ डिझेलला हा हिशोब लावू नका. तिथे वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर आहे, तो गळत नसेल तर बेल्टसोबत बदलायचं कारण नाही.

आणि घाटरस्ता, जुना पंप परत मागून घ्या. शाफ्ट बोटांनी हलवून बघा, गळतीच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कूलंटचा पापुद्रा आहे का तेही बघा.