मदत हवी आहे: बाबांनी इलेक्ट्रिक चेन सॉ मागवलाय, घरच्या घरी वापरायला कितपत सेफ?

नमस्कार मंडळी,

आमचं घर दापोलीजवळ, आईबाबा दोघंच असतात, मी पुण्यात. वळवाच्या वाऱ्यात परसातल्या रायवळ आंब्याची एक दांडगी फांदी मोडून गडग्यावर (दगडी कुंपणावर) आडवी पडलीय. म्हणजे शेंड्याकडचा भाग खाली आलाय आणि बुंध्याकडून एक जाड फाटा अजून सालीला धरून वरच लोंबतोय. गावातला कटरवाला पेट्रोलचं मशीन घेऊन येतो पण पावसाच्या तोंडावर तो हाताला लागणं म्हणजे लॉटरी. जून २०२० मधे निसर्ग वादळ झालं तेव्हापासून बाबांच्या डोक्यात होतंच की आपलं स्वतःचं मशीन हवं, आणि आता कुणालाही न विचारता ऑनलाइन मागवलं. वायरवालं आहे, २००० वॅट, १६ इंची पट्टी (चेन जिच्या कडेने फिरते ती).

बाबा ६९ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत, कोयता कुऱ्हाड आयुष्यभर चालवलीय त्यामुळे "मला काय शिकवतोस" हा सूर. पण आई फोनवर सांगते की लुंगी वर खोचून, पायात स्लीपर घालून कापत होते आणि मधेच चेन पट्टीवरून उतरली. तेव्हापासून मशीन पडवीत ठेवलंय, मी शनिवारी जातोय. पेट्रोलचं नाही, करंटचं आहे म्हणजे मिक्सरसारखं, बटण सोडलं की बंद, असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही पण मुद्देसूद सांगता येत नाहीये.

विचारायचंय ते असं: चेन का उतरली असेल? प्लग दोन पिनचाच आहे, अर्थिंगची पिनच नाही, हे डिफेक्टिव्ह आहे का? परसापर्यंत वायर पोचत नाही तर टेबल फॅनला लावतो ती एक्स्टेन्शन चालेल का? तेलाच्या टाकीत बाबांनी स्कूटरचं जळकं ऑइल ओतलंय, ते राहू दे का? आणि मुख्य म्हणजे ती लोंबती फांदी यांनी कापावी का?

प्रतिसाद

शेवटचा प्रश्न पहिला घेतो कारण बाकी सगळं नंतर. लोंबती फांदी अजिबात नाही. माझी स्वतःची बाग आहे कुडाळकडे, पेट्रोलचं आणि वायरचं दोन्ही मशीनं आहेत, तरी अर्धवट मोडून लटकलेली फांदी मी कटरवाल्यालाच देतो. तो दोर बांधून, वजन कुठे जाणार ते बघून उतरवतो. साल धरून राहिलेल्या फाट्यात केवढा ताण असतो ते बाहेरून कळत नाही, चेन लागली की तो फाटकन सुटतो आणि कुठल्या बाजूला फिरेल ते सांगता येत नाही. आणि तो फाटा वर लोंबत असताना खाली उभं राहून जमिनीवरचं पण कापू नका. आधी तो उतरू दे, नाहीतर पडलेला भाग ओढून लांब न्या आणि तिथे कापा. शिडीवर चढून नाही, खांद्याच्या वर मशीन नेऊन नाही, एका हाताने तर नाहीच नाही.

मिक्सरवाल्या मुद्द्याबद्दल. बाबांना पट्टीचं टोक दाखवा. टोकाचा वरचा पाव भाग जर कशाला टेकला, मागच्या फांदीला, दगडाला, कशालाही, तर चेन तिथे अडकून अख्खं मशीन उसळून तोंडाकडे येतं, त्याला किकबॅक म्हणतात. हे पापणी लवायच्या आत होतं, कुऱ्हाडीचा अनुभव इथे कामाला येत नाही. पुढच्या हँडलसमोर जो प्लास्टिकचा आडवा पंजा आहे तो नुसता हात झाकायला नाही, तो चेन ब्रेक आहे, पुढे ढकलला की चेन थांबली पाहिजे. रोज काम सुरू करायच्या आधी तपासायचं. डावा हात पुढच्या हँडलवर आणि अंगठा खालून पूर्ण वळवून घ्यायचा, वर ठेवायचा नाही. उभं राहताना पट्टीच्या सरळ रेषेत डोकं नको, जरा डावीकडे राहायचं.

फांदी दोन्हीकडून टेकलेली असेल, एक टोक गडग्यावर आणि एक जमिनीवर, तर वरचा भाग दाबलेला असतो आणि खालचा ताणलेला. सरळ वरून कापत गेलात तर मधेच काप मिटतो आणि पट्टी अडकते. वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि बाकीचं खालून. एका बाजूने अधांतरी असेल तर उलट, आधी खालून थोडं मग वरून. खालून कापताना मशीन तुमच्या अंगावर ढकललं जातं, वरून कापताना लाकडाकडे ओढलं जातं, हा फरक हाताला समजेपर्यंत मनगटाएवढ्या फांद्यांवरच सराव करू दे त्यांना.

प्रतिसाद

वायरमन आहे म्हणून फक्त करंटचं बोलतो. दोन पिनचा प्लग डिफेक्ट नाही. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल बघा, म्हणजे डबल इन्सुलेशन, त्याला अर्थिंग लागत नाही. पण हे मशीन चांगलं असेपर्यंत! चेन स्वतःच्याच वायरवर गेली तर इन्सुलेशन गेलं तेल लावत, आणि वायरवाल्या मशीनला हा धोका रोजचा आहे. त्यामुळे ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच, घरात आहे का ते आधी बघा, लोक अजून ईएलसीबी म्हणतात. बोर्डात टी लिहिलेलं टेस्ट बटण असतं, दाबलं की खटकन पडली पाहिजे. एमसीबी आहे ना मग झालं, असं म्हणू नका. १६ अँपची एमसीबी माणसाला शॉक बसला म्हणून पडत नाही, तिचं काम वायर जळू न देणं.

फॅनची एक्स्टेन्शन नको. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँप, गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटर दमते, माणूस जोर लावतो, मोटर तापते. कॉपरची २.५ स्क्वेअर एमेम वायर घ्या, १६ अँपच्या पॉवर सॉकेटमधून. रीलवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते. वायर कायम पाठीमागे, उजव्या खांद्यावरून मागे सोडली तर चेनपासून लांब राहते. ओल्या गवतात, पावसाच्या भुरभुरीत काम बंद. आणि झाडाजवळून महावितरणची तार जात असेल तर कोणीच हात लावू नका, त्यांना फोन करून लाइन बंद करून घ्या.

प्रतिसाद

चेन उतरली म्हणजे नव्वद टक्के ढिली होती. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत ताणते हे डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं पण वाचतो कोण. प्लग काढून (बटण बंद नाही, प्लग काढून), हातमोजे घालून पट्टीच्या मधोमध चेन वर उचलून बघायची. थोडी उचलली पाहिजे पण तिचे खालचे दात खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत, आणि हाताने ओढली तर फिरली पाहिजे. गरम असताना ताणून ठेवू नका, थंड झाली की आखडते आणि पट्टीला घट्ट बसते.

जळकं ऑइल काढून टाका. त्यात लोखंडाचा चुरा असतो, पंप चोंदतो, आणि ते उडतं ते अंगावरच. बार ऑइल म्हणून चिकट तेल मिळतं ते घाला. आमच्या सासऱ्यांनी खोबरेल घातलं होतं, थंडीत टाकीतच थिजलं, वास मात्र छान. तेल पोचतंय का ते बघायला पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर, टेकू न देता, धरून चालवा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. ठेवलेल्या मशीनखाली थोडं तेल गळतंच, तो बिघाड नाही, खाली रद्दी पसरा नाहीतर पडवीच्या लादीवर डाग पडून आईंच्या शिव्या खाल.

प्रतिसाद

लुंगी!! सैल कापड चेनमधे गेलं तर चेन थांबत नाही, माणसाला ओढते. फुलपँट, पुढून कडक असलेले बूट, जाळीचा किंवा काचेचा व्हायजर, कानाला मफ. चेन सॉसाठी वेगळ्या पँट मिळतात, आतले धागे चेनमधे गुंतून ती थांबवतात, पण इलेक्ट्रिक मशीनची मोटर कमी वेगालाही जोर सोडत नाही त्यामुळे त्या पँटवर पेट्रोलच्या मशीनइतकी भिस्त ठेवू नका. आणि आंब्याचा चीक डोळ्यात उडाला तर काय होतं ते कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको.

एकट्याने कापायचं नाही. आई घरात असल्या तरी मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, दिसतील अशा लांब बसू देत, जवळ फोन आणि जाड पट्टीचं बँडेज. रक्त आलं तर दाबून धरायचं आणि १०८.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून नेतोय कारण माझं ऐकणार नाहीत पण वायरमन म्हणतोय म्हटल्यावर ऐकतील. आरसीसीबी नाहीये असं आईने बोर्डाचा फोटो पाठवल्यावर कळलं, त्यामुळे या शनिवारी आधी ती बसवतो, कापाकापी पुढच्या आठवड्यात. लोंबत्या फाट्यासाठी कटरवाल्याला अॅडव्हान्स देऊन टाकला. खालचं बाबा कापतील, न्हाणीच्या चुलीला पावसाळाभराची बेगमी होईल तेवढं लाकूड आहे.

अजून एक, कापताना भुश्श्याऐवजी पिठासारखी पूड पडत होती आणि वासही जळका येत होता म्हणे. मोटर गेली का?

प्रतिसाद

मोटर नाही, बहुतेक चेन बोथट झाली. धारदार चेन लाकडाच्या चकत्या उडवते, बोथट झाली की पीठ. जुन्या आंब्यात कुंपणाचा खिळा किंवा तारेचा तुकडा गिळलेला असतो, त्यावर गेली असेल, गडग्याच्या चिऱ्यालाही लागली असेल. फांदीवर काळपट डाग दिसला तिथे कापूच नका. धार लावायला गोल कानस लागते, चेनच्या पाकिटावर किती एमेमची ते असतं, तीच घ्यायची. दाताचा कोन ठेवून आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच हात. पहिल्यांदा हार्डवेअरवाल्याकडून लावून घ्या आणि बाजूला उभं राहून बघा. जास्तीची एक चेन घेऊन ठेवा, पुण्यातूनच न्या, तिकडे त्या मापाची मिळेल याचा भरवसा नाही, पट्टीवर कोरलेल्या आकड्यांचा फोटो आईंकडून मागवून घ्या.

प्रतिसाद

अवांतर: पडलेली फांदी ठीक आहे, पण उद्या बाबा उभ्या झाडाकडे वळले तर १९६४ चा झाडे तोडण्याचा कायदा आहे, आंबा फणस दोन्ही त्याच्या यादीत येतात, स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते. वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या.

धागाकर्ता

उभं झाड नको रे बाबा! चेनचा फोटो आला, पट्टीवरचा निम्मा आकडा तेलाने झाकलाय, पुसून परत पाठव म्हणून सांगितलंय.