मदत हवी आहे: दोघांसाठी हलका टेंट कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी वरूडकडचा. मी अन माझा चुलतभाऊ, सवड भेटली की पाठीवर बॅग टाकून सालबर्डीकडे नाहीतर चिखलदऱ्याकडे निघतो. मागच्या सप्टेंबरात ओळखीच्या एका शेतात मुक्काम केला, रात्रभर पाऊस नव्हताच तरी सकाळी दोघांच्याही स्लीपिंग बॅगा ओल्या, कारण आमचा टेंट एकाच कापडाचा, श्वासाची वाफ आतून थेंबाथेंबानं जमते अन जरा पाठ टेकली की सगळं पाणी अंगावर. त्यात फायबरग्लासचा रॉड जोडापाशी उभा चिरला, त्याच्या बारीक कुसा बोटात गेल्या त्या दोन दिवस सलत होत्या. वजनही साडेतीन किलो, चढावर जीव जाते.

आता डबल लेयरचाच घ्यायचा, आतून जाळी, वरून फ्लाय म्हणजे पाणी अडवणारं बाहेरचं कापड, अ‍ॅल्युमिनियमचे रॉड, वजन 2 किलोच्या आत. बजेट 10 हजार, फार तर 12. नेचरहाइकचा क्लाउड अप 2 कोणी वापरला का? दोघं झोपल्यावर बॅगा बाहेर फ्लायखाली बसतात का? अन 3000 मिमी वॉटरप्रूफ (कापड किती उंच पाण्याचा दाब झेलते त्याचं माप) असलाच पाहिजे का, का 2000 मध्ये आपला पाऊस निभते?

एक मोठी शंका खुंट्यांची आहे. आपली काळी माती, पावसात लोण्यासारखी, खुंटी हातानंच उपसून येते, अन उन्हाळ्यात भेगा पडलेली, खुंटी वाकते पण आत जात नाही. मग अशा जमिनीत स्वतःच्या रॉडवर उभा राहणाराच टेंट बरा ना? ज्यानं वापरला त्यानं सांगा भाऊ, दिवाळीआधी घ्यायचा आहे.