'ब्लिट्झ'कडे केवळ सनसनाटी म्हणून पाहू नये

'ब्लिट्झ' हे मुंबईचे साप्ताहिक म्हणजे निव्वळ सनसनाटी, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच बरोबर वाटते. काळा घोड्याजवळच्या 'वेसाइड इन'मध्ये रुसी करंजिया, बी. व्ही. नाडकर्णी आणि बेंजामिन हॉर्निमन या पत्रकारांच्या चहापानातून ज्याची कल्पना पुढे आली, ते हे इंग्रजी साप्ताहिक १ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत सुरू झाले. त्यामागे साम्राज्यविरोधी राजकारण होते आणि भडक मथळे हे त्याचे साधन होते.

१९५९ च्या नानावटी खटल्यात, म्हणजे पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात, मात्र या साधनाची मर्यादा दिसली. पत्राने नानावटींची बाजू इतक्या उघडपणे घेतली की, २५ पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात असे, असे सांगतात. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी दिलेला निर्दोषत्वाचा कौल उच्च न्यायालयाने फिरवला, तरीही पत्राची मोहीम थांबली नाही. १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली. याला मी पत्रकारिता म्हणणार नाही, वकिली म्हणेन. परंतु त्याच पत्राच्या शेवटच्या पानावर लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास १९८७ पर्यंत सदर लिहीत होते, आणि ग्रामीण भारतावरील वार्तांकनासाठी ओळखले जाणारे पत्रकार पी. साईनाथ तेथेच उपमुख्य संपादक होते, हेही विसरता येत नाही.