विषय: ट्यूबमध्ये गळ नक्की बसवायचा कसा?

प्रेषक: नवा सभासद
प्रति: समस्त मंडळ

नमस्कार मंडळी,
विषय मंडळाच्या कामाचा नाही, पण बर्फ काढायच्या यंत्रावर आपल्या इथे 27 मेल झाल्या होत्या, तेव्हा हेही खपून जावं.

बास मासे गळाने धरायला मऊ प्लास्टिकच्या ट्यूब आमिष म्हणून घेतल्या आहेत. साडेतीन इंची, आतून पोकळ, एक तोंड बंद आणि दुसऱ्या टोकाला झिरमिळ्या. घरात होता तो गोल डोक्याचा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) नाकातून, म्हणजे बंद टोकातून, ओवला आणि पाण्यात टाकला. दोन-तीन फेकीतच ट्यूब घसरून गळाच्या बाकात गोळा होते, सैल इलॅस्टिकच्या मोज्यासारखी. टकटक जाणवते, मी झटका देतो, हाती काही नाही. पाणी 10-12 फूट, तळ खडकाळ, मासे स्मॉलमाउथ जातीचे बास. चुकतंय कुठे?

---

प्रेषक: माजी खजिनदार

अहो, टकटक जाणवते म्हणजे मासा त्याचं काम चोख करतोय. घसरलेलं प्लास्टिक बाकात गोळा झालं की गळाची अणी त्यातच झाकली जाते. मग झटका प्लास्टिकला बसतो, माशाला नाही.

मूळ चूक अशी, की तुमचं शिसं बाहेर राहिलंय. ते ट्यूबच्या पोटात घालायचं असतं. त्यासाठी बारीक, लांबट शिशाचा जिग वेगळा येतो, ट्यूब जिग म्हणूनच मागायचा. तुमच्या पाण्याला पाव औंस पुरे. वारा असेल किंवा 20 फुटांच्या पुढे खोल गेलात तर 3/8 औंस.

आधी जिग ट्यूबच्या बाहेरून, पाठीला लावून मापा. शिसं नाकाशी धरलं की गळाचा बाक झिरमिळ्या सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे यायला हवा. साडेतीन इंचीला बहुतेक वेळा 2/0 किंवा 3/0 मापाचा गळ बसतो. मग शिसं ओलं करा (मी थुंकी लावतो, घरचं कोणी बघत नसताना) आणि झिरमिळ्यांच्या बाजूने आत सारा. बाहेरून दोन बोटांनी चाचपत पुढे न्यायचं, पायजम्यात नाडी ओवतो तसं. कडी (दोरी बांधायची ती) आणि अणी एकाच बाजूला राहू द्या. नाकापाशी पोचलं की अंगठ्याने दाबून कडी प्लास्टिकमधून बाहेर काढा, मग अणी आतून भिंतीतून बाहेर. दोरी त्यानंतर बांधायची.

एवढं केलंत की घसरणं थांबेल. पण ट्यूबची खरी गंमत पडण्यात आहे. पोटातल्या वजनामुळे ती सरळ न जाता गिरक्या घेत उतरते, जखमी मासोळीसारखी. शिसं हलकं तर गिरकी मोठी. शिसं नाकाला घट्ट न भिडवता जरासं मागे ठेवलंत तरी गिरकी वाढते. अर्धा औंस घालाल तर दगडासारखी खाली. बरेच बास पडतानाच घेतात, तेव्हा दोरी अगदी ताणूही नका आणि अगदी सोडूही नका, आणि डोळे दोरीवर ठेवा. मधेच थांबली किंवा बाजूला सरकली की झटका. हाताला टकटक कळेपर्यंत वाट पाहिलीत तर निम्मे मासे गेले.

तळाला टेकली की उचलू नका, ओढा. हळू, फूटभर, मग थांबा. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत (ग्रेट लेक्स) हे विशेष चालतं ते गोबी माशामुळे. काळ्या समुद्राकडचा हा मासा जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून इकडे आला आणि 1990 साली सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडला. त्याला हवेची पिशवी नसते, म्हणून तरंगत राहणं जमत नाही, तो तळालाच सरपटतो. ओढलेली ट्यूब हुबेहूब तशी दिसते. क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंगा, तोही असाच उलटा, मागच्या दिशेने पळतो, झिरमिळ्या म्हणजे त्याच्या नांग्या समजा.

---

प्रेषक: वाचनालय समिती

खजिनदारांचं सगळं बरोबर, फक्त खडकापुरतं. शेवाळात आणि बुडालेल्या झाडांत ती उघडी अणी नेऊन दाखवा, दर फेकीला पालेभाजी येईल.

तिथे टेक्सास रिग, म्हणजे अणी लपवायची जोडणी. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं दोरीत सरकतं ओवायचं, खाली ऑफसेट गळ (कडीजवळ दांडा दुमडलेला). अणी नाकातून अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढा, गळ फिरवा, मग पोटातून आरपार नेऊन पाठीच्या सालीत अणी जेमतेम लपवा. गळ रुंद बाकाचाच हवा, 3/0 ते 4/0. पोकळ ट्यूब माशाच्या तोंडात चपटी होते आणि तिला दबायला जागा लागते. अरुंद बाक असेल तर तुमचा मोजा परत आलाच. झाडीत शिसं आणि ट्यूब वेगळे होऊ नयेत म्हणून शिशाच्या भोकात काडी खुपसून ती मोडते मी.

आणि हे काही पोरखेळाचं आमिष नाही. 1998 चं बासमास्टर क्लासिक, म्हणजे बास धरण्याची मोठी स्पर्धा, डेनी ब्राउअर या अमेरिकन मासेमाराने तिकडच्या हाय रॉक तलावावर ट्यूब टाकूनच जिंकलं होतं.

पोकळीत वास लावलेला कापूस कोंबणारे आहेत, पाण्यात फसफसणाऱ्या गोळीचा तुकडा घालणारेही आहेत. बुडबुडे दिसतात छान. मासे त्याने वाढले असं माझ्या वहीत तरी नाही.

---

प्रेषक: माजी खजिनदार

पालेभाजी मान्य. पण खडकात टेक्सास रिग नको. शिसं बाहेर गेलं की गिरकी गेली. अडकतच असेल तर आतलंच शिसं, पण रुंद बाकाचा गळ असलेला जिग घ्या आणि अणी वळवून पाठीत लपवा. लोक त्याला स्टुपिड रिग म्हणतात, नाव कोणी ठेवलं देव जाणे.

---

प्रेषक: नवा सभासद

दोघांनाही दंडवत! काल पाव औंस, शिसं जरा मागे ठेवून. तीन स्मॉलमाउथ, तिन्ही पडतानाच. तिसऱ्याच्या वेळी टकटक कळलीच नाही, दोरी नुसती डावीकडे चालू लागली. तिन्ही सोडले. दोन जिग खडकात गेले, ते तुमच्या नावावर.

पण दुपारपर्यंत दोरीला एवढा पीळ बसला की रिळावर तिचा गुंतवळ झाला. माझंच काही चुकलं का?

---

प्रेषक: वाचनालय समिती

नाही, गिरकीची ती किंमत. ट्यूबच्या दीड फूट वर दोरीत बारीक भिरकी (स्वतःभोवती फिरणारी कडी) बांधा. पीळ बसलाच असेल तर शेवटी आमिष काढून नुसती दोरी नावेमागे सोडा, उलगडते. आणि ट्यूब पाकिटातच ठेवा. मी एकदा त्या दुसऱ्या प्लास्टिकच्या आमिषांबरोबर डबीत टाकल्या होत्या, महिन्याने सगळ्यांचा मिळून एक चिकट लाडू झाला होता.